आपत्कालीन सराव कसा आखावा : प्रसंग, संदेश, निरीक्षण आणि दुरुस्ती

सायरन वाजतो, माणसं रांगेत बाहेर येतात, बंब पाणी फवारतो, दोन ‘जखमी’ स्ट्रेचरवरून रुग्णवाहिकेत जातात, फोटो निघतात आणि ‘मॉक ड्रिल यशस्वी’ असा अहवाल लिहिला जातो. त्यातून काय कळलं असं दुसऱ्या दिवशी विचारलं, तर सांगण्यासारखं फारसं काही नसतं. प्रत्येकाला आपली जागा आणि वेळ आधीच पाठ असते, त्यामुळे काही अडत नाही, आणि अडलं नाही म्हणून काही कळतही नाही. सराव आखायचा तो यंत्रणा कुठे अडते हे सुरक्षितपणे पाहता यावं यासाठी. अडलेली जागा टिपणं आणि मग दुरुस्त करणं, या दोन्हींची सोय आखणीतच करावी लागते. नंतर ती जोडता येत नाही.

सुरुवात प्रसंगापासून करू नका

‘यंदा भूकंपाची ड्रिल घेऊ’ किंवा ‘आगीची घेऊ’ इथून सुरुवात झाली की आखणी तिथेच घसरते. आधी ठरवायचं की कोणाचा कोणता निर्णय किंवा कोणतं काम तपासायचं आहे. प्रसंग त्यानंतर निवडायचा, तो निर्णय घ्यायला भाग पाडील असा.

‘विभागांमधला समन्वय वाढवणे’ हे उद्दिष्ट कागदावर शोभतं, पण ते साधलं की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी असं लिहा : ‘वायुगळतीची खबर मिळाल्यापासून १० मिनिटांच्या आत घटनास्थळाचा प्रमुख वाऱ्याची दिशा तपासून गाड्या थांबवण्याची जागा ठरवतो, आणि ती अग्निशमन, पोलीस व रुग्णवाहिका या तिघांनाही पोचल्याची खात्री करतो.’ यात कोण, काय, किती वेळात आणि कशावरून समजायचं, हे चारही आहेत. निरीक्षकाला घड्याळ पाहून ‘झालं’ किंवा ‘झालं नाही’ असं लिहिता येतं. अशी तीन ते पाच उद्दिष्टं एका सरावाला पुरेत. दहा-बारा घेतली की एकाचंही नीट निरीक्षण होत नाही.

उद्दिष्टं शोधायची सर्वांत चांगली जागा म्हणजे तुमचाच आपत्कालीन आराखडा. त्यात ‘आवश्यकतेनुसार’, ‘संबंधित अधिकारी’, ‘तात्काळ कळवण्यात येईल’ असे शब्द जिथे दिसतील तिथे खूण करा. कळवणार कोण, कशावरून, तो रजेवर असेल तर दुसरं कोण? या प्रश्नांची उत्तरं लिहिणाऱ्याकडे नव्हती म्हणूनच तिथे असे शब्द आलेले असतात, आणि खऱ्या घटनेत काम बहुधा त्याच ओळींवर येऊन अडतं. मागच्या सरावाचा अहवाल, नवं आलेलं उपकरण, बदललेली इमारत, नुकतीच रुजू झालेली माणसं हेही उद्दिष्टांचे चांगले स्रोत आहेत.

कोणत्या प्रकारचा सराव?

टेबलटॉपमध्ये माणसं एका टेबलाभोवती बसतात, प्रसंग टप्प्याटप्प्याने उलगडतो आणि ‘आता तुम्ही काय कराल’ यावर चर्चा होते. दोन ते चार तास, आठ-बारा माणसं आणि एक खमका संचालक एवढ्यावर भागतं. जबाबदाऱ्यांमधली भगदाडं शोधायला याहून स्वस्त साधन नाही. मात्र टेबलावर सगळं जमतं, कारण तिथे कोणाला जिना चढायचा नसतो आणि वॉकीटॉकीची बॅटरी संपत नाही.

ड्रिल म्हणजे एकच काम पुन्हा पुन्हा करून पाहणं : इमारत रिकामी करणं, श्वसनयंत्र चढवणं, जनरेटरवर भार घेणं. कार्यात्मक सरावात नियंत्रण कक्ष खरा चालतो, निर्णय खरे घेतले जातात, फोन आणि रेडिओ खरे वाजतात, पण रस्त्यावर गाड्या धावत नाहीत. बाहेरचं जग काही माणसं फोनवरून उभं करतात. पूर्ण प्रमाणावरच्या सरावात गाड्या, माणसं, जखमी सगळं प्रत्यक्ष असतं. त्याच्या तयारीला सहा महिने ते वर्ष सहज जातं.

आमचा आग्रह असा की जो प्रश्न टेबलावर सुटू शकतो त्यासाठी रस्ता अडवू नका. अधिकार कोणाचा हेच ठरलेलं नसताना पूर्ण सराव घेतला, तर पन्नास माणसं उन्हात उभी राहून दोन अधिकाऱ्यांचा वाद ऐकतात. आधी टेबलटॉप, त्यातून निघालेल्या दुरुस्त्या, मग सुटी ड्रिल आणि शेवटी सगळं एकत्र, हा क्रम पाळला की महागड्या सरावातून तेवढ्याच मोलाची माहिती मिळते. विमानतळांची पद्धत पाहण्यासारखी आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांमधल्या एका पर्यायाप्रमाणे पूर्ण प्रमाणावरचा सराव दोन वर्षांच्या आत एकदा व्हायला हवा, आणि त्यात आढळलेल्या उणिवा दूर झाल्या का हे पाहायला मधल्या वर्षी अंशतः सराव घेतला जातो.

प्रसंग बांधताना

एक उदाहरण धरू : शीतगृहात अमोनियाची गळती, आवारात तीस माणसं, वाऱ्याच्या दिशेला चारशे मीटरवर शाळा. तपासायचे निर्णय तीन. गाड्या कुठे थांबवायच्या, शाळा रिकामी करायची की मुलांना दारं-खिडक्या बंद करून आतच ठेवायचं, आणि बाधितांना धुतल्याशिवाय रुग्णवाहिकेत चढवायचं नाही हे कोण पाहणार.

तांत्रिक तपशील इथे अचूक हवेत. अमोनिया वायू हवेपेक्षा हलका असतो हे खरं, पण दाबाखालचा द्रव अमोनिया फुटक्या पाइपातून बाहेर पडतो तेव्हा थंड, दाट ढग बनून जमिनीलगत सरकतो. पाण्याच्या बारीक फवाऱ्याने हवेतला वायू पकडता येतो. तेच पाणी साचलेल्या द्रवावर मारलं, तर त्याला उष्णता मिळून वायू आणखी वेगाने सुटतो. प्रसंग लिहिणाऱ्याला हे माहीत नसेल, तर सहभागी अधिकारी दहाव्या मिनिटाला ‘असं होऊच शकत नाही’ म्हणून वाद घालतील. त्यांचं म्हणणं बरोबर असेल आणि सराव तिथेच संपेल. म्हणून प्रसंगाचा मसुदा त्या विषयातल्या जाणकाराला दाखवावा, मात्र तो जाणकार सहभागींपैकी नसावा.

प्रसंग फुगवण्याचा मोह फार होतो. गळती, त्यात आग, त्यात पूर, त्यात बॉम्बची अफवा! सगळी यंत्रणा कोसळते, आणि कुठली कडी आधी तुटली ते समजत नाही. एक मुख्य घटना आणि दोन-तीन गुंतागुंती पुरतात. प्रत्येक गुंतागुंत कुठल्या तरी उद्दिष्टाचा कस पाहणारी असावी. आपल्या उदाहरणात चाळिसाव्या मिनिटाला वारा फिरतो आणि गाड्या थांबवलेली जागाच धोक्यात येते. ही एकच गोष्ट पुरेशी आहे : मागे हटण्याचा आदेश कोण देतो आणि तो सगळ्यांपर्यंत किती मिनिटांत पोचतो, हे त्यातून लख्ख दिसतं.

संदेशांची यादी हाच सरावाचा कणा

प्रसंग सहभागींपर्यंत पोचतो तो लहान लहान संदेशांतून. या संदेशांना ‘इंजेक्ट’ म्हणतात आणि त्यांच्या वेळवार यादीला प्रसंगसूची. सरावाच्या तयारीतला सर्वाधिक वेळ हिच्यावर जायला हवा.

प्रत्येक इंजेक्टला क्रमांक, वेळ, कोणाकडून, कोणाला, कोणत्या माध्यमाने, शब्दशः मजकूर, अपेक्षित कृती आणि संबंधित उद्दिष्ट एवढ्या नोंदी लागतात. नमुना पाहा. इंजेक्ट ७, वेळ १०:२०, शाळेच्या मुख्याध्यापकांकडून नियंत्रण कक्षाला, फोनवर : ‘सराव, सराव, सराव. मुलांच्या डोळ्यांची आग होतेय, पालक फाटकावर जमलेत, मुलांना घरी सोडू का? सराव, सराव, सराव.’ अपेक्षित कृती : ५ मिनिटांत स्पष्ट उत्तर, आत ठेवण्याचं किंवा ठराविक दिशेने बाहेर काढण्याचं, आणि त्या उत्तराची खबर फाटकावरच्या पोलिसांना.

आता बहुतेक आखण्यांमध्ये राहून जाणारी नोंद : अपेक्षित कृती झालीच नाही तर काय? संदेश सोडणाऱ्या नियंत्रकाने उत्तर सुचवायचं नाही. त्याऐवजी परिणाम पाठवायचा. १०:२५ पर्यंत उत्तर गेलं नाही, तर १०:२६ ला दुसरा फोन : ‘काही पालक भिंतीवरून उड्या मारून आत शिरलेत.’ निर्णय टाळण्याची किंमत माणसाला अशीच जाणवते. प्रत्येक महत्त्वाच्या इंजेक्टमागे असा राखीव संदेश आधीच लिहून ठेवा. ऐन वेळी तो सुचत नाही.

वेगाचंही भान हवं. एका कक्षाला साधारण पाच ते दहा मिनिटांना एक संदेश दिला तर माणसं विचार करू शकतात. दर मिनिटाला एक दिला की ती फक्त फोन उचलतात. काही संदेश मुद्दाम चुकीचे, अपुरे किंवा एकमेकांना छेद देणारे ठेवावेत (जखमी एकाच्या मते सात, दुसऱ्याच्या मते वीस), कारण खरी माहिती तशीच येते. मात्र आलेली माहिती पडताळली जाते का, हे उद्दिष्ट असेल तेव्हाच. उगाच गोंधळ घालायला नको.

कोण काय करतं

सरावात सहभागी असतात, तसे तीन प्रकारचे बिगरसहभागीही लागतात. नियंत्रक सरावाचा वेग सांभाळतात आणि संदेश सोडतात. निरीक्षक फक्त पाहतात आणि लिहितात. फोनवरचे कलाकार बाहेरचं जग बनतात : मुख्याध्यापक, पत्रकार, वीज कंपनी, घाबरलेला नातेवाईक. नियंत्रक आणि निरीक्षक एकच माणूस असला की दोन्ही कामं बिघडतात; संदेश सोडण्याच्या धावपळीत नेमक्या निर्णयाच्या क्षणी त्याचं लक्ष घड्याळाकडे नसतं. निदान ज्या जागी निर्णय होतात तिथे स्वतंत्र निरीक्षक द्या. तो त्याच कार्यालयातला नसावा. आपल्या वरिष्ठाच्या चुका मोकळेपणाने लिहिणं कोणालाही अवघड जातं, आणि त्यात त्या माणसाचा दोष नसतो.

निरीक्षकाला ‘समन्वय कमी पडला’ असं लिहू देऊ नका. ‘१०:१४ ला प्रमुखाने जागा बदलल्याचं रेडिओवर सांगितलं, १०:३१ ला तिसरी रुग्णवाहिका जुन्याच जागी आली, चालकाने विचारल्यावर सांगितलं की त्याचा सेट वेगळ्या चॅनलवर होता’ ही खरी नोंद. पहिल्या वाक्याने फक्त वाद होतात. दुसऱ्या नोंदीवरून दुरुस्ती करता येते. त्यासाठी सराव सुरू होण्याआधी सगळ्यांची घड्याळं जुळवा. दोन निरीक्षकांच्या नोंदीत चार मिनिटांचा फरक असेल, तर संदेश उशिरा पोचला की घड्याळ पुढे होतं, हे नंतर कोणी सांगू शकत नाही.

जखमी कसे तयार करायचे

जखमीच्या चिठ्ठीवर ‘गंभीर’ असं लिहिलेलं असलं की तपासणी संपली. वाचणाऱ्याने वर्गीकरण केलंच नाही. चिठ्ठीवर फक्त जे दिसेल, मोजता येईल ते लिहावं : ‘चालता येत नाही, श्वास मिनिटाला ३४, मनगटाची नाडी लागते, सांगितलेलं समजतं.’ प्राथमिक वर्गीकरणाची, म्हणजे कोणाला आधी हलवायचं हे रंगांनी ठरवण्याची, ‘स्टार्ट’ पद्धत १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीच इथे तयार झाली. तिच्यात जो चालू शकतो तो हिरवा. उरलेल्यांपैकी श्वास मिनिटाला ३०हून अधिक, किंवा नखावरचा दाब सोडल्यावर रंग परतायला २ सेकंदांहून जास्त, किंवा साधी सूचना पाळता न येणं, यांतलं काहीही असेल तर लाल, म्हणजे सर्वांत आधी. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नसेल तर काळा, आणि बाकीचे पिवळे. म्हणजे वरची चिठ्ठी लाल. तीस जखमींत समजा चार काळे, सात लाल, नऊ पिवळे आणि दहा हिरवे ठेवले, आणि प्रत्येकाचा बरोबर रंग फक्त निरीक्षकाकडे असला, तर किती जणांना गरजेपेक्षा वरचा आणि किती जणांना खालचा रंग मिळाला हे मोजता येतं. काही चिठ्ठ्यांना मागची बाजूही ठेवा : ‘२० मिनिटांनंतर : श्वास ३८, उत्तर देत नाही.’ एकदा रंग लावला की पुन्हा कोणी पाहतच नाही, ही नेहमीची चूक त्यातून उघडी पडते.

सगळे जखमी शिस्तीत रुग्णवाहिकेची वाट पाहतात असं दाखवणं हा आखणीतला मोठा दोष. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायूचा हल्ला झाला तेव्हा सेंट ल्यूक रुग्णालयात पहिल्या दिवशी ६४० रुग्ण आले, आणि त्यातले बहुतेक पायी, टॅक्सीने किंवा मिळेल त्या गाडीने आले. रुग्णांच्या कपड्यांवरून सुटणाऱ्या वायूचा त्रास तिथल्या अनेक कर्मचाऱ्यांनाही झाला. म्हणून रासायनिक प्रसंगात तीसपैकी पाच-सहा ‘जखमी’ घटनास्थळी ठेवूच नका. त्यांना न धुता, न सांगता, थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात चालत पाठवा, पहिल्या रुग्णवाहिकेच्याही आधी. दारावर कोण अडवतं, कुठे धुतात, पाणी कुठे जातं, हे तेव्हाच कळतं.

सरावाची सुरक्षितता

१३ जानेवारी २०१८ रोजी हवाई बेटांवर लाखो लोकांच्या फोनवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा गेला आणि तो चुकीचा असल्याचा खुलासा पोचायला ३८ मिनिटं लागली. पाळी बदलताना घेतलेल्या सरावातून हे घडलं होतं. सरावाच्या ध्वनिमुद्रित संदेशाच्या सुरुवातीला आणि शेवटी ‘सराव’ हा शब्द होता, पण मध्येच ‘हा सराव नाही’ असं खऱ्या इशाऱ्यातलं वाक्यही होतं. इशारा पाठवणाऱ्याने तेवढंच खरं धरलं. मागे घेण्याची पद्धतही तयार नव्हती.

यातून घ्यायच्या गोष्टी साध्या आहेत. प्रत्येक तोंडी संदेशाची सुरुवात आणि शेवट ‘सराव, सराव, सराव’ने व्हायला हवा, प्रत्येक कागदावर आणि मेलच्या विषयात तो शब्द हवा, आणि मजकुरात त्याला खोडणारं काहीही नको. सरावादरम्यान कोणाला खरंच इजा झाली किंवा खरी घटना घडली, तर वापरायचा वेगळा शब्दप्रयोग आधी ठरवा, जसं ‘खरी घटना’. तो ऐकताच सगळे थांबतात. ‘मदत’ किंवा ‘इमर्जन्सी’ हे शब्द त्यासाठी चालत नाहीत, कारण जखमींच्या भूमिकेतले लोक तेच ओरडत असतात. थांबवण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो. पुन्हा सुरू करण्याचा फक्त सरावासाठी नेमलेल्या सुरक्षा अधिकाऱ्याला. एक रुग्णवाहिका आणि प्रथमोपचार पथक सरावाबाहेर, खऱ्या गरजेसाठी राखून ठेवा. शेजारपाजाऱ्यांना, रुग्णालयाला आणि पोलीस नियंत्रण कक्षाला तारीख कळवा. जखमी बनणाऱ्यांची लेखी संमती, पिण्याचं पाणी, सावली आणि शेवटी डोकी मोजणं विसरू नका. धुण्याच्या तंबूत कोणाला किती कपडे काढावे लागतील हे आधी सांगणं हा साधा सभ्यपणा आहे.

वेळेची फसवणूक

सराव सुरू होण्याआधीच रुग्णवाहिका कोपऱ्यावर रांगेत उभ्या असतात आणि दोन मिनिटांत घटनास्थळी ‘पोचतात’. ही वेळ अहवालात गेली की पुढचे सगळे आडाखे चुकतात. गाड्या आधी जवळ आणाव्याच लागत असतील, तर त्या खऱ्या अंतराला लागणारा वेळ थांबवून मगच सोडा. कोणती गाडी किती वाजता सोडायची याचा तक्ता नियंत्रकाच्या हातात असावा. असेच आणखी काही आडमार्ग आहेत : सगळ्यांत अनुभवी माणसांची पाळी निवडणं, अधिकृत रेडिओऐवजी मोबाइलवरच्या गटात बोलणं, रुग्णालयाच्या दाराशी सराव संपवणं, आणि ‘आराखड्यात आहे’ म्हणून कृती झाली असं मानणं. पूर्वसूचना द्यावी की नाही यावर मतभेद आहेत. आम्हाला वाटतं, पूर्ण सरावाची तारीख सगळ्यांना माहीत असावी, पण प्रसंग, जागा आणि नेमकी वेळ फक्त आखणी करणाऱ्यांनाच. अचानक ड्रिल घ्यायचीच तर लहान घ्यावी : रात्री दोनला नियंत्रण कक्षाने दहा जणांना फोन लावायचे आणि किती लागले ते मोजायचं.

नंतरचं काम

सराव संपल्यावर अर्ध्या तासात, माणसं घरी जाण्यापूर्वी, जागेवरच बैठक घ्या. आधी सहभागींनी बोलायचं, निरीक्षकांनी मागून. नावं घेऊन दोष देणं पहिल्या मिनिटालाच थांबवलं नाही, तर पुढच्या वेळी कोणी खरं बोलणार नाही. अहवालात प्रत्येक निरीक्षणाखाली कारण लिहायला हवं. चालक चुकीच्या चॅनलवर का होता? कारण त्याला नवा तक्ता मिळाला नव्हता. का नाही? कारण तक्ता वाटण्याचं काम कोणाच्याच नावावर नव्हतं. इथवर पोचलात की दुरुस्ती आपोआप दिसते, आणि ‘चालकांना प्रशिक्षण द्यावे’ ही सवयीने लिहिली जाणारी शिफारस किती निरुपयोगी ठरली असती तेही कळतं.

जुलै २००४ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात ‘हरिकेन पॅम’ नावाचा सराव झाला. न्यू ऑर्लिन्सला बुडवणाऱ्या काल्पनिक चक्रीवादळावर शेकडो अधिकारी पाच दिवस बसले. लाखो लोकांचं स्थलांतर, ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांचा प्रश्न, निवारे, सगळं त्यात होतं. काही भागांचं, विशेषतः वाहतुकीचं, नियोजन पुढच्या बैठकांवर टाकलं गेलं. २९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना धडकलं तेव्हा ते काम अपुरंच होतं. सरावाने योग्य प्रश्न विचारले होते. उत्तरं लिहिण्याआधी वादळ आलं.

म्हणून प्रत्येक दुरुस्तीपुढे एका माणसाचं पद, एक तारीख आणि पूर्ण झाल्याचा पुरावा काय, हे लिहून घ्या. ‘सर्व विभाग’ हे पद नाही. पैसे लागणाऱ्या आणि न लागणाऱ्या दुरुस्त्या वेगळ्या करा. चॅनलचा तक्ता आठवड्यात वाटता येतो, धुण्याचा तंबू विकत घ्यायला वर्ष लागेल, आणि एकासाठी दुसरी खोळंबता कामा नये. तंबू येईपर्यंत काय करायचं हेही त्याच ओळीत लिहा. तीन महिन्यांनी यादी पुन्हा उघडा. तिथे पूर्ण झालेल्या दुरुस्त्या तपासायला सगळा डोलारा पुन्हा उभारावा लागत नाही : तीन रुग्णवाहिका, एक रेडिओ संदेश, जागा बदलल्याची सूचना आणि एक घड्याळ एवढ्यावर अर्ध्या तासात उत्तर मिळतं. फक्त ती चाचणी मागच्या वेळी सरावात नसलेल्या पाळीवर घ्या.